लोखंडी शेडचं डिझाइन शिकायचं आहे. ४५ हजारांचा कोर्स करावा का?

कैचीवाला_पोरगा

नमस्कार मंडळी. आर्वीजवळच्या गावातून लिहितोय. सिव्हिलचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली. रस्त्याला लागून काकांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथेच असतो. गोठे, गोडाऊन, मंगल कार्यालयाची शेड, वर्षातून एखादी जिनिंग. कैच्या (छपराचा भार घेणारे तिकोनी सांगाडे) आम्ही अंदाजाने करतो. काका म्हणतात, "तीस फुटाले पन्नासचा अँगल टाकून दे," आणि मी टाकतो. आजवर काही पडलं नव्हतं.

यंदा एप्रिलच्या अवकाळीत आम्हीच केलेली एक गोडाऊनची शेड गेली. पडली नाही, गेली. पाय सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून शेजारच्या रिकाम्या वावरात. आत कुणी नव्हतं हे नशीब. मालकाने काकांना नको ते ऐकवलं. काका आठवडाभर गप्प होते. मग एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "तू शिकला ना बे? मंग सांग, उडाली काहून?"

मला सांगता आलं नाही. डिप्लोमाला स्टीलच्या पेपरात ६१ मार्क आहेत.

आता एका क्लासची जाहिरात पाहिली. ऑनलाइन, ३ महिने, फी ४५ हजार. सॉफ्टवेअर शिकवणार, प्रमाणपत्र देणार, नोकरीची हमी. काका पैसे द्यायला तयार आहेत. करावा का? कुणी असं काही केलंय का? आणि खेड्यात राहून हे शिकता येतं का, की नागपूर-पुणं गाठावंच लागतं?

तर्रीपोहे

६१ म्हणजे फर्स्ट क्लास आहे रे. शेडला निकाल कळला नसेल.

पऱ्हाटी

आमच्याकडे घाटंजीला याचं डिझाइन आजीच्या काळापासून ठरलेलं आहे. टिनावर दगड. जास्त वारा असेल तर जास्त दगड. वरून एक जुना टायर. फी शून्य.

सातबारा

कोर्सबिर्सच्या नादी लागू नको. खेड्यात डिझाइनचे पैसे कोण देतं? गिऱ्हाईक येतं, शेजाऱ्याच्या शेडकडे बोट दाखवतं, "अशीच पाहिजे, पण दोन हजार कमी करा" म्हणतं. ४५ हजारांत एक चांगलं कटिंग मशीन नि वेल्डिंगचा नवा सेट येतो.

गसेट

भाऊ, काकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कोर्सचं नंतर. बुटीबोरीत पीईबीच्या (कारखान्यात आधीच तयार होणाऱ्या लोखंडी इमारतींच्या) कामात नऊ वर्षं डिझाइनला आहे.

शेडचं माप तू दिलं नाहीस म्हणून माझ्या मनाने धरते. ६ मीटर रुंद, १२ मीटर लांब, ४ कैच्या, ८ पाय. छपराचं क्षेत्र ७२ चौरस मीटर, उतारामुळे थोडं वाढेल ते सोड. पत्रा, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवं लोखंड), कैची सगळं मिळून चौरस मीटरला १५ किलो धर. म्हणजे अख्खं छप्पर भरतं १.१ टन.

आता वारा. त्याचा कोड (सरकारी मानक) आयएस ८७५ भाग ३, साल २०१५. त्यात नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग दिलाय सेकंदाला ४४ मीटर. याचा वर्ग कर आणि ०.६ ने गुण. ११६२ न्यूटन येतात, म्हणजे चौरस मीटरला ११८ किलो. एवढ्या कमी उताराच्या छपरावर हा वारा मुख्यतः ओढतो, दाबत नाही. बाहेरून वर ओढतो, आणि शटर उघडं असेल तर आत शिरून खालून ढकलतो. भिंतीचा किती भाग उघडा आहे त्यावर आतल्या दाबाचा गुणांक ठरतो. ५ टक्क्यांपर्यंत ०.२, ५ ते २० टक्के असेल तर ०.५, त्याच्या वर ०.७. बाहेरचा-आतला मिळून आपण सरळ १ धरू, खरं तर जास्त निघेल.

७२ गुणिले ११८, साडेआठ टन वर. छपराचं वजन १.१ टन खाली. उरले ७.४ टन. ८ पायांत वाटले की एका पायाला जवळजवळ सव्वानऊशे किलोची ओढ.

तुमचा खड्डा दीड फूट बाय दीड फूट, खोल दोन फूट असणार. साडेचार घनफूट काँक्रीट. वजन ३०० किलो.

सव्वानऊशेविरुद्ध तीनशे. काकांना एवढंच सांग. आणि हे सगळं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलंय, सॉफ्टवेअर उघडलंच नाही.

कैचीवाला_पोरगा

ताई, खड्डा तेवढाच होता. एक इंच इकडेतिकडे नाही. आणि शटर उघडं होतं, माल उतरवून गाडी नुकतीच गेली होती. तुम्हाला कसं कळलं?

गसेट

सगळ्यांचा खड्डा तेवढाच असतो रे. फावड्याने दोन फुटांच्या खाली जायचं म्हणजे मजूर कुरकुरतात.

मास्तरीण

पॉलिटेक्निकला शिकवते, म्हणून खोट काढणं भाग आहे. गसेट, दिशेचा गुणांक ०.९ घेतला नाहीस, मोठ्या क्षेत्राची सूटही घेतली नाहीस. खड्ड्याच्या भिंतीला माती धरते ते घर्षणही सोडलंस. तेवढी ओढ नसेल.

पण एक गोष्ट तुझ्याही हिशेबात नाही. आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये वावरात जा, भेगांमध्ये हात जातो. तीच भेग काँक्रीटच्या गोळ्याभोवतीही पडते. म्हणजे अवकाळीचं वादळ ज्या दिवसांत येतं, नेमकं त्याच दिवसांत मातीने गोळा सोडलेला असतो. घर्षण जमेला धरलंच नाही हे बरंच केलंस.

गसेट

ताई, ०.९ मुद्दाम सोडला. पोराच्या काकांना तोंडी सांगता आलं पाहिजे. मातीचं मात्र खरंच सुचलं नव्हतं, आमच्या साइट बहुतेक मुरमावर.

तर्रीपोहे

म्हणजे शेड दाताच्या डॉक्टरकडे न जाता आपोआप निघाली.

पेन्शनर

पऱ्हाटी यांच्या आजींना कमी लेखू नका. दगड ठेवणे म्हणजे छपराचे स्वतःचे वजन वाढवणे, तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. अडचण अशी की पत्रा सुटला की तोच दगड गोफणीतून सुटल्यासारखा जातो. त्यापेक्षा ते वजन पायात घालावे.

मी सरकारी खात्यात ३४ वर्षे काढली, आता अमरावतीला असतो. आमची अख्खी हयात आयएस ८०० या स्टीलच्या कोडच्या १९८४ च्या आवृत्तीवर गेली. २५० मेगापास्कल ताकदीचे स्टील, ओढीला त्याच्या ०.६ पट म्हणजे १५०, वाकण्याला ०.६६ पट म्हणजे १६५. हे दोन आकडे झोपेत विचारले तरी सांगत असू. २००७ ला मर्यादा अवस्थेची पद्धत आली तेव्हा आम्ही नाके मुरडली. भार वाढवा, ताकद कमी करा, मग ताडून पाहा, हा काय द्राविडी प्राणायाम! दोन वर्षांनी कळले की जुन्या पद्धतीत वारा आणि वजन यांची ही उलटी झुंज नीट दिसतच नव्हती. नव्या कोडात वजन मदत करत असेल तर त्याला ०.९ ने गुणतात आणि वाऱ्याला १.५ ने. तुमच्या शेडचा निकाल या एका ओळीत आहे.

कोर्सबद्दल माझे मत: आधी स्टील टेबल घ्या. खिशात मावते. रोज रात्री एक पान. आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीचा आय आकाराचा गर्डर) मीटरला साधारण २५ किलो, ५०-५०-६ चा (५० मिमीच्या दोन बाजू, ६ मिमी जाडी) अँगल साडेचार किलो. वजन तोंडपाठ झाले की चुकीचे डिझाइन वासाने कळते.

वेल्डर_हिंगणघाट

मी आयटीआय वेल्डर, एक वर्षाचा ट्रेड. सोळा वर्षं झाले, जिनिंगच्या शेडा करून राहिलो. डिझाइनवाले लोकं ड्रॉइंगवर लिहून देतात, '६ मिमी फिलेट', म्हणजे कोपऱ्यातलं ६ मिमीचं वेल्डिंग. खाली टेबलावर मी देतो ६. पण वर चढल्यावर, मे महिन्यात, लोखंडाले हात लावला की फोड येते, एका हातानं कैची धरली, दुसऱ्या हातानं होल्डर, तिथं ६ मिमी कोण मोजते? कोर्स करणाऱ्यानं आधी एक दिवस माझ्यासंगं वर चढावं. मंग डिझाइन करावं.

गसेट

दादा, कोड लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. वर्कशॉपमधल्या वेल्डिंगची ताकद १.२५ ने भागतात आणि साइटवरच्या वेल्डिंगची १.५ ने. ६ मिमीचं १० सेंटिमीटर वेल्डिंग खाली केलं तर हिशेबात ८ टन धरतं, वर केलं तर पावणेसात. तुमच्या फोडांची किंमत सव्वा टन आहे म्हणा.

आणि तुम्ही म्हणता ते आमच्या साहेबांनी माझ्याबाबत केलं होतं. बीई होऊन गेले, पहिला महिना संगणक नाही. यार्डात मार्किंग. खडू, टेप, गुण्या. गसेट प्लेटवर (अँगल जोडायची सपाट प्लेट) चार अँगल येतात, त्यांच्या मध्यरेषा एका बिंदूत आल्या पाहिजेत. कागदावर येतात. प्लेटवर अँगलचे पाय एकमेकांना अडतात, मग फिटर एकाला दोन इंच सरकवतो आणि जोडावर वाकण्याचा भार येऊन बसतो. तो महिना मला कॉलेजच्या चार वर्षांपेक्षा महाग पडला आणि स्वस्तही.

वेल्डर_हिंगणघाट

सव्वा टन 😀 मालकाले सांगतो, त्या हिशेबानं मजुरी दे म्हणाव.

टेकलाधारी

मी मूळचा कारंज्याचा, आता पुण्यात डिटेलिंगला. धागाकर्त्याला एक वेगळी वाट. डिझाइन आणि डिटेलिंग या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. डिझाइनवाला सांगतो कोणता गर्डर, डिटेलर ठरवतो त्यात भोक कुठे, कितीचं, बोल्ट किती लांब. डिप्लोमावाल्याला डिटेलिंगमध्ये लवकर शिरता येतं. आमचं बरंचसं काम अमेरिकेचं, त्यामुळे सगळं फूट-इंचात. पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने मी स्वप्नातसुद्धा सोळांश इंच मोजायचो. स्टीलही वेगळं, त्यांचं नेहमीचं ३४५ मेगापास्कलचं, आपलं २५० चं.

तोटा: रात्रीच्या कॉल, आणि दहा वर्षांनी लक्षात येतं की आपण काढलेली एकही इमारत आपण पाहिलेली नाही. तुझी निदान वावरात जाऊन पाहता येते.

सातबारा

खरा प्रश्न कुणी बोलत नाहीये, मीच बोलतो. फॅब्रिकेशनची मजुरी किलोवर असते. जेवढं लोखंड जास्त तेवढे पैसे जास्त. पोरगा शिकून आला आणि म्हणाला, "काका, इथे पन्नासच्या जागी चाळीसचा चालतो," तर काकांचं नुकसान. काका पैसे देतायत ते स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारायला.

झाडीपट्टी

सातबारा, हे अर्धंच खरं. गोंदियाजवळ आमची राइस मिल आहे. आमच्या जुन्या शेडमध्ये वर एवढं लोखंड होतं की चिमण्यांना घरटं करायला जागा नव्हती. एलिव्हेटर चालू झालं की तरी सगळं थरथरायचं. नवीन शेडला एका डिझाइनवाल्याकडून रीतसर ड्रॉइंग घेतलं. वरचं लोखंड कमी झालं, पायातलं वाढलं, आडवे-तिडवे ब्रेसिंग आलं. थरथर गेली. फॅब्रिकेटरला वजन जवळजवळ तेवढंच मिळालं, फक्त जागा बदलली.

पण त्या ड्रॉइंगची गंमत ऐका. भारांच्या तक्त्यात वारा होता, भूकंप होता आणि तिसऱ्या ओळीत 'बर्फ'. गोंदियाला! मी फोन केला तर म्हणे, "जुन्या फाइलवरून घेतलं, राहून गेलं, तसंही सुरक्षितच आहे."

तर्रीपोहे

बर्फाचा गोळा असेल. लिंबू-मसाला मारून.

पऱ्हाटी

गोळ्यावरून आठवलं, घाटंजीच्या यात्रेत

तर्रीपोहे

अर्धवट का सोडलं?

पऱ्हाटी

लाईन गेली होती. आता काय सांगायचं होतं तेच विसरलो. पण धागाकर्त्या, हाच तुझ्या ऑनलाइन कोर्सचा पहिला प्रश्न बरं. संध्याकाळी सातला क्लास आणि सातलाच लाईन.

पेन्शनर

विषय भरकटण्याआधी एक घटना सांगतो. मी नवीन मुलांना नेहमी हीच सांगायचो. १७ जुलै १९८१, अमेरिकेतले कॅन्सस सिटी शहर, हयात रीजन्सी हॉटेल. मोठ्या दालनात हवेत लटकणारे पादचारी पूल होते, चौथ्या मजल्यावरचा वर आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरचा. मूळ डिझाइनमध्ये छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांतून आरपार जाणार होती. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे आणि नट चढवणे जिकिरीचे, म्हणून कारखान्याच्या सोयीसाठी बदल झाला. छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत एक सळई, आणि चौथ्या मजल्याच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरी. ड्रॉइंगवर बदल क्षुल्लक दिसतो. त्या संध्याकाळी गर्दीत दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसे गेली.

कारण असे समजा. विहिरीत दोर सोडला आहे, दोन माणसे त्याच दोराला वर-खाली लोंबकळत आहेत. प्रत्येकाच्या मुठीला स्वतःचेच वजन. आता खालच्याने दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोरावर भार तेवढाच आहे, पण वरच्याच्या मुठीला दोघांचे वजन. त्या पुलाचा नट म्हणजे ती मूठ. मंजुरी देणाऱ्या अभियंत्यांचे परवाने गेले.

वर्कशॉपमध्ये रोज असे बदल होतात की नाही, ते धागाकर्त्याने स्वतःच्या मनाला विचारावे.

कैचीवाला_पोरगा

होतात सर. रोज होतात. परवाच एका शेडला बोल्टाची भोकं जुळेनात, म्हणून काकांनी गॅसने भोक मोठं केलं आणि वर वॉशर टाकला.

वेल्डर_हिंगणघाट

हे तं सगळेच करतात.

पेन्शनर

म्हणून तर सांगितले.

मास्तरीण

कोर्सकडे येते. सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास वाईट असतात असं नाही, पण आधी एक उदाहरण बघा. १२ मीटरची कैची, खालची टाय (दोन टोकं बांधून ठेवणारा आडवा भाग) दोन अँगलची, ५०-५०-६, पाठीला पाठ. मुलं स्टाड या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करतात, दर २ मीटरवर नोड (जोडबिंदू). सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा २ मीटरचा समजतं, आडव्या दिशेला सडपातळपणाचं गुणोत्तर (लांबीच्या मानाने टाय किती बारीक) काढतं ८४, सगळं हिरवं. मुलं खूश.

पण टाय आडव्या दिशेला कुठे धरली आहे? कुठेच नाही. दोन भिंतींच्या मध्ये ती १२ मीटर मोकळी लोंबते. त्या दिशेचं गुणोत्तर येतं ५००. एरवी टायला ओढच असते म्हणून खपून जातं. वादळात छप्पर वर ओढलं गेलं की टायमध्ये दाब येतो, आणि वाऱ्याने जिच्यात असा उलटा दाब येऊ शकतो त्या टायला कोडची मर्यादा ३५० आहे. टाय बाजूला वाकते आणि कैची मिटते. ती आडवी लांबी हाताने भरावी लागते, सॉफ्टवेअर विचारत नाही. मी परीक्षेत हाच प्रश्न घालते, दरवर्षी निम्मा वर्ग हिरवा रंग दाखवतो.

तर क्लासवाल्यांना फोन करून तीन गोष्टी विचार. वाऱ्याचा कोड कोणत्या सालचा शिकवता? जोडांचं आणि बेस प्लेटचं (पायाखालच्या प्लेटचं) डिझाइन हाताने करून घेता का? माझी वही कोण तपासणार? उत्तरात "सर्टिफिकेट मिळेल" आलं तर फोन ठेव.

फुकटातलं सांगते. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचा स्टीलच्या डिझाइनचा पूर्ण कोर्स आहे, व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, म्हणजे लाईनची भानगड नाही. पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर. कोलकात्याची इन्सडॅग ही संस्था पोलाद वापराच्या प्रसारासाठीच १९९६ ला निघाली, त्यांचं शिकवायचं साहित्य चांगलं आहे. कोड बीआयएसच्या (मानकं काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर नोंदणी केली की मिळतात.

आणि एक कडू गोष्ट. कोणताही तीन महिन्यांचा कोर्स केलास तरी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नकाशावर सही करता येणार नाही. त्याला पदवी आणि अनुभव लागतो. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, वय आहे तोवर विचार कर.

सातबारा

ताई, पण गोठ्याला सही कोण मागतं?

मास्तरीण

वारा मागतो.

तर्रीपोहे

+१. हे वर्कशॉपच्या दारावर लिहा.

टेकलाधारी

कोर्सच्या आधी एक व्हर्नियर घे रे. दुकानदार चौकोनी पाइप गेजवर विकतो, १६ गेज म्हणजे १.६ मिमी. मोजलं की १.४ भरतो. कागदावर कितीही डिझाइन कर, लोखंडच आठवा हिस्सा कमी आलं तर काय करणार? काट्यावर वजन करून मीटरने भागलं तरी कळतं.

वेल्डर_हिंगणघाट

बरोबर. पातळ पाइपाले रॉड लावला की भोक पडते, तवाच समजते. व्हर्नियर कायले पाहिजे.

झाडीपट्टी

उन्हाचं पण शिका. आमची मिल ३० मीटर लांब आहे. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी पत्र्याखालच्या लोखंडात ५० अंशांचा फरक सहज पडतो. दीडेक सेंटिमीटर लांबी बदलते. जुन्या शेडमध्ये पर्लिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड केलेल्या होत्या, दुपारी एकला बंदुकीसारखा आवाज यायचा. हमाल म्हणायचे भूत आहे. नव्या शेडला लांबट भोकं दिली, भूत गेलं.

गसेट

१८ मिलिमीटर. ३० मीटर गुणिले ५० गुणिले १२, भागिले दहा लाख. भुताचं माप पक्कं असावं.

कैचीवाला_पोरगा

सगळ्यांचे आभार. आठ दिवस गायब होतो, सोयाबीनच्या पेरणीत अडकलो.

क्लासला फोन केला. वाऱ्याचा कोड कोणता विचारलं तर आधी "आम्ही लेटेस्ट शिकवतो" म्हणाले. साल विचारलं तर थांबा म्हणून आत गेले, परत येऊन "१९८७" म्हणाले. बेस प्लेट "ॲडव्हान्स मॉड्यूल"मध्ये आहे, त्याचे १८ हजार वेगळे. वही तपासण्याबद्दल "व्हॉट्सॲप ग्रुप आहे" एवढंच.

पैसे भरले नाहीत. एनपीटीईएलचे सहा आठवड्यांचे व्हिडिओ उतरवलेत, रात्री बघतो. स्टील टेबल आणि व्हर्नियर वर्ध्याहून आणलं. (टेकलाधारी दादा, आमच्याच रॅकमधला '१६ गेज' १.४५ निघाला. काकांनी दुकानदाराला फोन लावला, पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.) थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची माहिती काढतोय, पण वर्कशॉप सोडून चार दिवसही राहणं अवघड आहे, ते अजून ठरलेलं नाही.

मग स्वतःच्या वर्कशॉपची शेड मोजली. ७.५ मीटर बाय १५, पाच कैच्या, दहा पाय, समोरची बाजू पूर्ण उघडी. गसेटताईंच्या पद्धतीने केलं. छपराचं वजन १.७ टन, वारा सव्वातेरा टन, पायामागे साडेअकराशे किलोच्या वर. एका पायाजवळ खणून पाहिलं. गोळा दीड बाय दीड बाय दोन. भोवती भेग, माझी चार बोटं आत गेली.

काकांना आकडे सांगितले. ते पाच मिनिटं वर पाहत राहिले. मग म्हणाले, "वीस वर्षं झाले, मी याच्याच खाली बसून जेवून राहिलो."

दुसऱ्या दिवशी समोरच्या दोन पायांभोवती खणायला घेतलं. तीन बाय तीन, खोल चार फूट, तळाला गोळ्याखालून सळई घालून जुना-नवा एकत्र बांधायचा विचार आहे. ३६ घनफूट म्हणजे अडीच टनाच्या आसपास होतात, बरोबर ना? आणि जुन्या गोळ्याला नवं काँक्रीट कसं धरवायचं? नुसतं टाकलं तर तो आतून परत निसटेल असं वाटतं.

पेन्शनर

३६ घनफूट म्हणजे १.०२ घनमीटर, त्याला २.४ ने गुणा, बरोबर आहे. निसटण्याची शंका आली हे उत्तम. जुना गोळा नुसता वेढू नका. वरचे चार इंच फोडून पायाचे लोखंड उघडे करा, त्याला आडवे अँगल वेल्ड करा आणि ते अँगल नव्या काँक्रीटमध्ये जाऊ द्या. म्हणजे ओढ काँक्रीटच्या चिकटण्यावर न राहता लोखंडावर येईल. दोन्ही पाय एकदम खणू नका, एक भरून झाल्यावर दुसरा. तोवर कैचीला तात्पुरता टेकू द्या. आधी फोटो टाका.

वेल्डर_हिंगणघाट

अँगल वेल्ड कराले मी येतो रविवारी. हिंगणघाटहून आर्वी किती लांब आहे. खड्ड्यात बसून करायचं आहे, वर चढायचं नाही, म्हणून येतो.

तर्रीपोहे

काकांना सांगा, जेवण शेडच्या बाहेर ठेवा.